मदत हवी आहे: सीई मार्किंग (युरोपात मशीन विकायला लागणारी सुरक्षिततेची खूण) जुन्या डायरेक्टिव्हखाली की नव्या रेग्युलेशनखाली?

नमस्कार मंडळी, आमचं भोसरीत छोटं युनिट आहे, पाउच पॅकिंग मशीन बनवतो आणि जर्मनीची पहिली ऑर्डर आलीये. मशीन डिसेंबर २०२६ मध्ये न्हावा शेवाहून निघेल, पण हॅम्बर्गला कस्टम्स क्लिअर होईपर्यंत २० जानेवारी २०२७ उलटून जाऊ शकते आणि त्याच दिवसापासून युरोपचं जुनं मशिनरी डायरेक्टिव्ह २००६/४२/ईसी जाऊन नवं मशिनरी रेग्युलेशन २०२३/१२३० लागू होतंय, सगळा घोळ इथेच आहे.

ईएन आयएसओ १२१०० प्रमाणे रिस्क असेसमेंट झालंय, पॅनेल ईएन ६०२०४-१ नुसार आहे, अर्थ कंटिन्युइटी आणि इन्सुलेशनचे रिपोर्ट आहेत, ईएमसी (विद्युतचुंबकीय सुसंगतता) टेस्टिंग लॅबमधून करून घेतलं, गार्ड इंटरलॉकचं पीएल (परफॉर्मन्स लेव्हल, म्हणजे सेफ्टी सर्किटची विश्वासार्हता) कॅल्क्युलेशनही फाइलमध्ये आहे. जर्मन मॅन्युअलचं काम चालू आहे. मशीन जुन्या डायरेक्टिव्हच्या अ‍ॅनेक्स फोरमधल्या जास्त धोक्याच्या मशीनच्या यादीत बसत नाही, म्हणून सेल्फ डिक्लेरेशनच करणार, नोटिफाइड बॉडी (बाहेरची मान्यताप्राप्त तपासणी संस्था) सुचवू नका प्लीज. टेक्निकल फाइलसाठी युरोपातली व्यक्ती मिळालीये. मशीन लवकर पाठवणं शक्य नाही, सर्वो नोव्हेंबरशिवाय येत नाहीत.

आमचा एजंट म्हणतो इन्व्हॉइस डिसेंबरचं असलं की जुनंच चालेल. मला ते पटत नाही, कारण कायदा मशीन युरोपच्या बाजारात कधी आलं ते बघतो, आपल्याकडून बिल कधी फाटलं ते नाही. आणि उद्या मशीन बंदरात अडकलं तर भाडं आम्हालाच भरायचंय.

ज्यांनी असं बदलाच्या काळात मशीन पाठवलंय त्यांनी कृपया सांगा, कस्टम्सने नेमकी कुठली तारीख धरली, आणि सरळ २०२३/१२३० चंच ईयू डिक्लेरेशन दिलं पण मशीन २० तारखेच्या आधीच क्लिअर झालं, तर ते चालतं का?