विषय: शनिवारचा पिकलबॉल – ठाणेकर, जरा सविस्तर लिहा

प्रेषक: क्रीडा समिती
सोमवार

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या पिकलबॉलसाठी (छोट्या बॅटीने भोकांचा प्लास्टिकचा चेंडू जाळीपलीकडे मारायचा खेळ) नावं मागवली तेव्हा वाटलं होतं, दहा-बारा जण येतील. आली ३४. त्यात सहा जण सत्तरीच्या पुढचे, चार शाळकरी, आणि निदान दहा जणांनी "खेळ माहीत नाही, पण येतो" असं लिहिलंय. शाळेचा जिम आपल्याला दुपारी २ ते ४ मिळालाय. बॅडमिंटनची तीन कोर्टं आहेत, जाळी खाली ओढता येते म्हणे.

गेल्या वर्षीच्या कॅरम स्पर्धेचं काय झालं ते आठवत असेलच. चार तगडे गडी शेवटपर्यंत खेळले आणि बाकीचे सामोसे खाऊन घरी गेले. यंदा तसं नको.

आपले माजी खजिनदार दादा नोव्हेंबरपासून भारतात, ठाण्यात आहेत आणि रोज सकाळी खेळतात, असं त्यांच्या फोटोंवरून दिसतं. दादा, फोटो पुरे झाले. तुमच्याकडे कसं चालतं ते लिहा.

– क्रीडा समिती (म्हणजे मी एकटीच)

---

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम ठाणे
मंगळवार

मंडळी, नमस्कार.

सकाळचे साडेआठ वाजलेत, नुकताच खालून आलोय. फेब्रुवारी असूनही टी-शर्ट पिळून काढावा लागला. तुमच्याकडे बर्फ आहे म्हणे. असो.

आमची सोसायटी घोडबंदर रोडवर. खाली एक टेनिस कोर्ट होतं, ज्यावर टेनिस सोडून सगळं व्हायचं. आजूबाजूची मोकळी जागा धरून १२० बाय ६० फुटांचं असं कोर्ट असलं की त्यात पिकलबॉलची चार कोर्टं बसतात. आम्ही दोनच आखली, कारण उरलेल्या अर्ध्या भागावर पोरांच्या सायकलींचा हक्क सर्वसाधारण सभेत मान्य झाला.

आधी तुमच्या जिमचं बघू. पिकलबॉलचं कोर्ट २० बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच. हा योगायोग नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर तीन बापांनी कंटाळलेल्या पोरांसाठी हा खेळ जुळवला तो मुळी बॅडमिंटनच्या कोर्टावरच. हाताला लागल्या त्या टेबल टेनिससारख्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू. त्यामुळे कोर्ट जुळेल, पण सहा इंचांची दोन भांडणं होतील, ती आधीच मिटवा.

पहिलं भांडण रेषेचं. जाळीपासून ७ फुटांपर्यंतचा पट्टा म्हणजे 'किचन'. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिसची रेषा साडेसहा फुटांवर असते. सगळे तिलाच किचनची रेषा समजतात. चिकटपट्टी आणा आणि सहा इंच मागे नवी रेषा मारा.

दुसरं जाळीचं. बॅडमिंटनची जाळी अडीच फूट रुंदीची. तिची वरची कड पिकलबॉलसाठी कडेला ३६ आणि मध्ये ३४ इंचांवर ओढली की खाली साधारण अर्ध्या फुटाची फट राहते. चेंडू सरपटत त्या फटीतून जातो आणि "वरून गेला, खालून गेला" सुरू होतं. आम्ही पावसाळ्यात क्लबहाऊसमध्ये खेळतो तेव्हा खाली जुनी साडी बांधतो. हसू नका, उपयोग होतो.

आता किचनचा नियम, कारण ३४ जणांपैकी ३० जण तो चुकीचा सांगणार. किचनमध्ये पाय ठेवायला बंदी नाही. तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायला बंदी आहे. टप्पा पडला असेल तर खुशाल आत जा. पण बाहेरून हवेतला मारला आणि मारून झाल्यावर तोल जाऊन पाय रेषेवर पडला, तरी फॉल्ट. आपली बॅडमिंटनवाली मंडळी इथेच मार खातात. त्यांना प्रत्येक चेंडू हवेत दिसला की मारायचा असतो. त्यातून सर्व्हिसचा एक टप्पा आणि परतीचाही एक टप्पा पडू द्यायचा, मग हवेत मारायचं, हे त्यांच्या मनगटाला पटतच नाही. ठाण्यात तर घरटी एक बॅडमिंटनवाला. पहिला महिना आमच्याकडे नुसता "टप्पा! टप्पा!" असा ओरडा चालायचा.

गुण मोजताना तीन आकडे बोलायचे: आपले, त्यांचे, आणि आपल्या बाजूचा सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. डाव सुरू होतो 'शून्य-शून्य-दोन'ने. चौथ्या मिनिटाला सगळे विसरतात. उपाय म्हणून पहिल्या सर्व्हिसवाल्याच्या बाहीला कपड्यांचा चिमटा लावा. आपले गुण सम असतील तर चिमटेवाला उजवीकडे हवा, विषम असतील तर डावीकडे. एवढ्यावर निम्मी भांडणं मिटतात.

पण वहिनी, तुम्ही कॅरमचं लिहिलंत तो खरा मुद्दा. क्लब कोर्टावर चालत नाही, बाकावर चालतो. खेळणाऱ्यांचं खेळणाऱ्यांना कळतं. बसलेल्या माणसाला आपला नंबर कधी आणि कुणाबरोबर, हे न विचारता कळलं पाहिजे. आमच्याकडे येईल त्याने कुंपणाच्या जाळीपाशी पॅडल, म्हणजे आपली बॅट, उभं करून ठेवायचं, नळाच्या रांगेत हंडा ठेवतात तसं. पुढची चार पॅडल्स ज्यांची, ते चौघं कोर्टावर. मित्राचं पॅडल आपल्या पॅडलशेजारी सरकवायचं नाही. हंड्याचे सगळे नियम लागू.

गर्दी असेल तर डाव संपला की चौघंही बाहेर. गर्दी कमी असेल तर जिंकलेले दोघं राहतात, पण फुटतात. एक जाळीच्या या बाजूला, एक त्या बाजूला. जिंकलेली जोडी फोडायची, हा आमचा एकमेव कडक नियम. बाकी सगळ्यात आम्ही ठाणेकर आहोत, म्हणजे वेळेवर कुणी येत नाही.

सांघिक सामने जानेवारीत घेतले. मूळ पद्धत अमेरिकेच्या लीगची: संघात दोन पुरुष, दोन स्त्रिया. एक पुरुष दुहेरी, एक महिला दुहेरी, दोन मिश्र दुहेरी. २-२ झाली तर एकेरीचा निर्णायक डाव २१ गुणांचा, दर चार गुणांनी खेळाडू बदलायचा. आम्ही संघ सहाचा केला, तीन बायका, तीन पुरुष, त्यात एक जण साठीपुढचा आणि एक शाळेतला हवाच. चार सामन्यांत आठ जागा, सहा माणसं. प्रत्येकाला एक सामना नक्की, कुणालाच दोनांपेक्षा जास्त नाही. निर्णायक डाव अर्ध्या कोर्टावर, म्हणजे पळापळ कमी.

संघांना ठाण्याच्या तलावांची नावं दिली. मासुंदा, उपवन, रायलादेवी पटापट गेली. कचराळी कुणालाच नको. महापालिकेसमोरचा तो तलाव चांगला देखणा आहे हो, पण टी-शर्टवर 'कचराळी' कोण छापून घेणार? चिठ्ठ्या टाकल्या. अर्थात मी कचराळीत.

उपवनशी आमची २-२ झाली. निर्णायक डावात १३-१५ असताना आमच्या ७१ वर्षांच्या काकू दुसऱ्यांदा आल्या. समोर दहावीतला पोरगा, राज्य पातळीवर बॅडमिंटन खेळलेला. काकूंनी प्रत्येक चेंडू जाळीला खेटून, हळूच त्याच्या किचनमध्ये टाकला, भाजीत मीठ टाकावं तसा. पोरगा धावत पुढे यायचा आणि हवेतच मारायचा. दोनदा पाय रेषेवर. तिसऱ्यांदा पाय सांभाळला तर चेंडू जाळीत. चौथा गुण त्याने घेतला. १६-१६ करून काकू बाकावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझी बाटली कुणी घेतली?" नंतर आम्ही हरलोच, १९-२१. शेवटचा चेंडू जाळीत मीच घातला.

– माजी खजिनदार

---

प्रेषक: कॅरमवाले काका
मंगळवार, रात्री

खजिनदार, पत्र वाचलं. कॅरमचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, मी त्या चारांतला आहे आणि सामोसे मलाही मिळाले नव्हते.

हिशोब करा. तीन कोर्टं म्हणजे एका वेळी १२ खेळणार, २२ बसणार. शिट्टी ते शिट्टी १२ मिनिटं धरली तर दोन तासांत १० फेऱ्या, १२० जागा. ३४ ने भागा, माणशी साडेतीन डाव. म्हणजे दोन तासांतली सव्वा तासापेक्षा जास्त वेळ बाक. तुमचं बाकाचं तत्त्वज्ञान ठाण्यात ठीक आहे, तिथे लिफ्टने खाली यायचं असतं. आम्ही ४० मिनिटं गाडी चालवून येतो.

१७-१७ च्या दोन तुकड्या करा. तासाला ५ फेऱ्या, ६० जागा, माणशी तेच साडेतीन डाव. बसायचा वेळ मात्र निम्म्याहून कमी.

आणि नवरा-बायकोची जोडी फोडायचं कारण समजलं नाही. आम्ही दोघं इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये तीन वर्षं एकत्र खेळतोय. नवशिक्यांबरोबर खेळून कुणाचा खेळ सुधारत नाही.

– काका

---

प्रेषक: नेरूळहून, आईकडे आलेली
बुधवार

मध्येच बोलते. आईच्या इमारतीत, पाम बीच रोडच्या बाजूला, गेल्या वर्षी पिकलबॉल सुरू झाला आणि तीन महिन्यांत तळमजल्यावरच्यांची तक्रार आली. टेनिसचा आवाज दबका असतो, हा टक् टक् टक् असा डोक्यात जातो. आता सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८ एवढंच.

जिममध्ये तो आवाज घुमेल. तीन कोर्टांवर गुण ओरडून कुणाला ऐकू येणार नाहीत, बोटांनी दाखवा. चेंडू इनडोअरचे मागवा. त्यांना २६ मोठी भोकं असतात आणि ते मऊ असतात. बाहेरच्या चेंडूला ४० बारीक भोकं, तो टणक आणि गुळगुळीत लाकडी जमिनीवर फारच सुसाट जातो.

दुसऱ्या कोर्टावरचा चेंडू घरंगळत आला की ज्याला दिसेल त्याने "बॉल!" म्हणून ओरडायचं आणि खेळ तिथेच थांबवायचा. गुण गेला तरी चालेल. आणि डोक्यावरून उंच चेंडू गेला तर उलट्या पावलांनी मागे पळायचं नाही, वळून जायचं. आईच्या मजल्यावरचे एक काका तसेच मागे गेले, हात टेकवून पडले, मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. सत्तरीच्या सहा जणांना हे खेळ सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर नाही.

---

प्रेषक: माजी खजिनदार, मुक्काम ठाणे
बुधवार

काका, हिशोब बिनचूक. मी खजिनदार असताना तुम्ही ऑडिटर का होतात ते पुन्हा कळलं. दोन तुकड्यांना माझा पाठिंबा, फक्त मधे दहा मिनिटं दोन्ही तुकड्या जिममध्ये हव्यात. नाहीतर अर्ध्या मंडळाला अर्धं मंडळ दिसायचं नाही.

पहिल्या महिन्यात ११ गुणांपर्यंतचे डाव घेऊ नका. ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण, या हिशोबाने एखादा डाव आठ मिनिटांत संपतो आणि एखादा पंचवीस. शिट्टीवर थांबा, पुढे असेल तो जिंकला.

जोडीचं सांगतो. आमच्याकडेही एक जोडपं होतं, पक्कं जमलेलं. डाव्या बाजूचा चेंडू कुणाचा हे त्यांना बोलावंसुद्धा लागायचं नाही. रोज जिंकायचे. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की त्यांचा नंबर जवळ आला की पुढच्या दोघांना नेमकं पाणी प्यायला जायचं असतं. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त पॅडल्स मागे सरकायची. मग फोडाफोडीचा नियम झाला. त्या जोडप्यातली बायको दुसऱ्यांबरोबर खेळायला लागली आणि जिंकतच राहिली. नवरोबा हरायला लागले. त्यांना आठ दिवस बारीक ताप होता, डॉक्टरांना सापडला नाही. नवव्या दिवशी आले आणि पहिल्यांदाच "माझा!" "तुझा!" असं मोठ्याने बोलायला शिकले. अनोळखी जोडीदाराबरोबर ते बोलावंच लागतं.

खेळ सुधारण्याबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. तगड्यांना तगडे हवेतच. म्हणून आमच्याकडे रविवारी शेवटचा अर्धा तास एक कोर्ट त्यांचं, तिथे हवी ती जोडी घ्या आणि हवं तसं मारा. बाकी आठवडा आमच्या ७१ वर्षांच्या काकूंच्या हळू चेंडूला उत्तर शोधा. मला अजून सापडलेलं नाही.

जाता जाता, कुणीतरी विचारलं होतं म्हणून: भारतात हा खेळ आणला तो मराठी माणसानेच. सुनील वालावलकर यांनी तो कॅनडात पाहिला आणि २००८ मध्ये मुंबईत अखिल भारतीय संघटना उभी केली. आता देशात संघटना दोन आहेत, आणि २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयाची मान्यता मिळाली ती दुसरीला. मंडळाच्या सभासदांना यात काही नवीन वाटू नये.

---

प्रेषक: क्रीडा समिती
गुरुवार

ठरलं. पहिली तुकडी २ ते २:५५, दुसरी ३:०५ ते ४. मधली दहा मिनिटं सगळे. बारा-बारा मिनिटांच्या चार फेऱ्याच बसतील, म्हणजे माणशी पूर्ण एक डाव नाही, पण अर्ध्या डावापेक्षा जास्त कमी होईल. काका, हिशोब तपासा. चिमटे मी आणते, चिकटपट्टी आणि शिट्टी कुणीतरी आणा. जाळीखाली बांधायला साडी हवी आहे, परत मिळेल याची हमी नाही. जोड्या चिठ्ठीने. सामोसे मधल्या दहा मिनिटांत, त्याआधी डबा उघडणार नाही.

तुकड्यांची यादी जोडली आहे.

---

प्रेषक: कॅरमवाले काका
गुरुवार

माणशी २.८ डाव. चालेल.

यादीत मी दुसऱ्या तुकडीत आणि सौ. पहिल्या तुकडीत आहे. चूक झाली असावी म्हणून समितीला फोन केला होता. चूक नाही, सौ.ने स्वतः सांगून नाव तिथे घातलंय.