डॉक्टरांचे बोलणे आणि स्थलांतरित कुटुंबांचा लसीविषयीचा निर्णय

प्रश्न
स्थलांतरित कुटुंबांसाठी आरोग्यविषयक काम करताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. त्यांच्या भाषेत छापलेली पत्रके ते वाचतात, तरीही मुलाला लस द्यायची की नाही हे बहुधा डॉक्टरांसमोरच्या पाच-दहा मिनिटांतच ठरते. डॉक्टरांच्या बोलण्यातील नेमकी कोणती गोष्ट हा कौल फिरवते?

प्रतिसाद १
पहिल्या वाक्याला फार वजन असते. डग्लस ओपेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात डॉक्टर आणि पालकांच्या १११ भेटींचे चित्रीकरण तपासले होते. ‘आज या लसी द्यायच्या आहेत’ अशी सुरुवात झाली तेव्हा २६ टक्के पालकांनी विरोध केला. ‘लसींबाबत तुमचा काय विचार आहे?’ असे विचारले गेले तेव्हा ८३ टक्क्यांनी. विरोधानंतरही डॉक्टर आपल्या सल्ल्यावर ठाम राहिले, तेथे आधी नाखूश असलेल्यांपैकी ४७ टक्के पालक राजी झाले. संकोचून मागे सरणारा डॉक्टर नकळत शंकेलाच दुजोरा देतो, असे मला वाटते.

प्रतिसाद २
आकडे बरोबर आहेत, पण ते पालक इंग्रजी बोलणारे होते, त्यामुळे तेच सूत्र स्थलांतरितांना जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील सोमाली समाजात लहान मुलांना एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील) लस देण्याचे प्रमाण २००४ मध्ये ९२ टक्के होते. ते २०१४ पर्यंत ४२ टक्क्यांवर आले आणि २०१७ मध्ये तेथे गोवराचे ७५ रुग्ण आढळले, त्यांतील बहुतेक सोमाली होते. या समाजाला मुळात लसींचे वावडे नव्हते. आपल्या मुलांमध्ये स्वमग्नता (ऑटिझम) अधिक का दिसते, हा पालकांचा प्रश्न होता. त्यावर ‘लसीमुळे नाही’ एवढेच उत्तर मिळत होते. उत्तर खरे होते, परंतु विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते. ती पोकळी ब्रिटनमधील माजी डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांच्यासारख्यांनी भरली. एमएमआरचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा वेकफिल्ड यांचा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला होता. ठामपणा हवाच, पण आधी प्रश्न ऐकून घेतल्यानंतर.

प्रतिसाद ३
मी काही वर्षे रुग्णालयात दुभाष्याचे काम केले आहे. ऐकून घेण्याचा मुद्दा रास्त आहे, मात्र प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही, ही त्याआधीची अडचण आहे. घरातील शाळकरी मुलगा भाषांतर करत असेल तर वडिलांची दोन मिनिटांची शंका ‘बाबा घाबरले आहेत’ एवढ्यावर आटोपते. दुभाषी हजर असला तरी अनेक डॉक्टर पालकांऐवजी त्याच्याकडे पाहून बोलतात (मला हे कायम खटकत असे) आणि मग आई बोलणेच थांबवते.

शिवाय काही शंका लाजेपोटी उच्चारल्याच जात नाहीत. लसीत डुकरापासून काढलेले जिलेटिन आहे का, हे विचारताना मुस्लिम पालक अवघडतात. ब्रिटनमध्ये ‘प्रायोरिक्स’ ही असे जिलेटिन नसलेली एमएमआर लस उपलब्ध झाली आहे, पण ते डॉक्टरांनी आपणहून सांगावे लागते. तापाचेही तसेच. एमएमआरनंतर साधारण आठवड्याभराने काही मुलांना ताप येतो. आधी सांगितले असेल तर पालक तो शांतपणे निभावतात. सांगितले नसेल तर आपल्यापासून काही लपवले गेले, असे त्यांना वाटते आणि पुढच्या डोसला ते येत नाहीत.