मदत हवी आहे: पगार थांबल्यावर महिन्याचं गणित कसं बसवावं?

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरातले आमचे मामा येत्या महिन्यात रिटायर होतायत. सकाळी वॅक्सिन डेपोच्या मैदानावर फेरी, मग वाचनालय, एवढं ठरलंय. अडलंय ते पैशात.

पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ठेवायचा विचार आहे. ८.२ टक्के धरले तर ३०,७५० रुपये येतात, पण तिमाहीला. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. किराणा, दूध, गॅस मात्र दर महिन्याला. हातात एकदम रक्कम आली की पहिल्या महिन्यातच निम्मी उडते, आणि खात्यात न उचलता ठेवलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. शिवाय वर्षाच्या आत मोडलं तर व्याजच नाही, दिलेलंही कापून घेतात.

म्हणून ९ लाख मासिक उत्पन्न योजनेत टाकावेत का? ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० पडतात. दर कमी, पण तारीख ठरलेली. अशी विभागणी कुणी केलीय का, कोणत्या प्रमाणात?

दुसरं, पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला. मामांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, अंगठा उमटेलसं वाटत नाही. मोबाईलवर चेहरा दाखवून होतं, त्यासाठी आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन्ही ॲप लागतात, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक) हाताशी ठेवावा लागतो, हे माहीत आहे. जाड भिंगाच्या चष्म्यावर उजेड चमकला तर ॲप चेहरा पकडतं का? कानडी फॉर्मवर मराठीत सही चालते ना?