पाटी कोरी नसते
कुणीतरी लिहिलंय की नर्सिंग सोडून डेटा सायन्समध्ये जायचं म्हणजे पाटी कोरी करून बसायचं. मला नाही पटत. मी स्वतः आयसीयूतून या कामात आले. पहिल्याच आठवड्यात एका तक्त्यात श्वसनाचा दर जिकडेतिकडे १८ नाहीतर २०. शेजारचा इंजिनियर म्हणाला, किती स्वच्छ डेटा! मला हसूच आलं. घाईच्या ड्यूटीत श्वास पूर्ण मिनिट कोण मोजतं? अंदाजानेच आकडा लिहिला जातो. तसंच ८ वाजता घेतलेलं बीपी सिस्टीममध्ये ९:४० ला चढतं. तीच वेळ खरी धरली की डेटावरून अंदाज बांधणारं मॉडेल गंडलं.

शिकायला आधी एसक्यूएल घ्या, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा; पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नंतर. संख्याशास्त्र टाळू नका, मी टाळलं आणि पुढे भोगलं. सरावाला मिमिक-४ (MIMIC-IV) हा डेटासंच आहे: ओळख पुसलेल्या रुग्णांच्या खऱ्या नोंदी, फुकट. फक्त आधी एक प्रशिक्षण पूर्ण करून करारावर सही करावी लागते. तोवर १०० रुग्णांचा डेमो संच सगळ्यांना खुला आहे.

आणि नोकरी लगेच सोडू नका हो. आपल्याच रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात संसर्गाच्या, रुग्ण पडण्याच्या नोंदी सांभाळायचं काम मागून घ्या.