इटालियन 'प्रेगो' आणि 'मागारी': नक्की अर्थ काय?

प्रश्न:
पुस्तकात शिकवलं होतं की कुणी आभार मानले की 'प्रेगो' म्हणायचं. मिलानला आल्यापासून बघतेय, कुणीही आभार न मानता लोक दिवसभर 'प्रेगो, प्रेगो' करत असतात. आणि 'मागारी'चे तर शब्दकोशात उलटसुलट अर्थ दिलेत. कुणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद:
'प्रेगो'चं क्रियापद 'प्रेगारे', म्हणजे विनवणं, प्रार्थना करणं. पण व्युत्पत्तीने तुमचं काम भागणार नाही. सकाळी एखाद्या बारमध्ये जाऊन उभ्या राहा. इटलीत बार म्हणजे मुख्यतः कॉफी पिण्याची जागा. गर्दीच्या ठिकाणी, विशेषतः स्टेशनवर, आधी 'कास्सा'वर पैसे भरायचे, 'स्कोन्त्रीनो' म्हणजे पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी सांगायची. काउंटरमागचा माणूस तुमच्याकडे बघून 'प्रेगो' म्हणतो, ते 'बोला, काय देऊ?' कप पुढे सरकवताना म्हणतो ते 'हं, घ्या.' तुम्ही 'ग्रात्सिए' म्हणालात की येतं ते 'असू दे हो'. बाहेर पडताना दारात थांबून कुणी वाट देतं, ते 'व्हा पुढे'. आणि सूर वर चढवून 'प्रेगो?' म्हटलं तर 'काय म्हणालात?' या सगळ्यांना पुरेल असा एक शब्द मराठीत नाही, पण 'या ना', 'घ्या ना', 'बसा ना' यातला 'ना' मला त्याच्या सगळ्यात जवळचा वाटतो.

बारमध्ये आहात तर हेही लक्षात ठेवा: 'उन काफ्फे' मागितलं की एस्प्रेसोच येते. 'लात्ते' मागितलं तर नुसतं दूध मिळेल. 'माक्कियातो' म्हणजे डाग पडलेली, कॉफीवर दुधाचा डाग. नेपल्सची 'काफ्फे सोस्पेझो' मला फार आवडते. आपल्या कॉफीबरोबर आणखी एका कॉफीचे पैसे भरून ठेवायचे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो नंतर येऊन विचारतो, 'सोस्पेझो आहे का?' देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठही पडत नाही.

आता 'मागारी'. हा मुळात ग्रीक शब्द, 'धन्य, सुखी' अशा अर्थाचा. कुणी विचारलं, 'समुद्रकाठी घर घेतलंस म्हणे?' आणि उत्तर नुसतं 'मागारी!' आलं, तर ते आपलं 'घेतलं असतं तर!' घेतलेलं नाही, पण मनात फार आहे. पुढे क्रियापद आलं की त्याच्या रूपाकडे बघा. 'मागारी व्हेनिस्से' म्हणजे 'तो आला तर किती बरं!', आणि 'मागारी व्हिएने' म्हणजे 'येईलही कदाचित'. पहिल्यात इच्छा, दुसऱ्यात नुसती शक्यता. कोशात दोन्ही अर्थ शेजारी छापलेले असतात म्हणून गोंधळ उडतो. कानाने ऐकलंत तर उडणार नाही, कारण इच्छेच्या 'मागारी'तला 'गा' चांगला लांबवलेला असतो.

'पेर्मेस्सो' मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. यजमानाने बोलावलंय, दार उघडं आहे, तरी उंबरठ्यावर थांबून 'पेर्मेस्सो?' विचारायचं आणि आतून 'आवान्ती!' येतं. आपलं 'येऊ का?' आणि 'या, या'. ट्रामच्या गर्दीतून वाट काढतानाही हाच शब्द, तिथे अर्थ 'जरा जाऊ द्या'.

अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना 'लेइ' वापरा. व्याकरणाने ते 'ती', पण पुरुषालाही तेच म्हणतात. आपल्याला 'तू' आणि 'तुम्ही'ची सवय असल्याने हे पटकन अंगवळणी पडतं. 1938 साली मुसोलिनीच्या राजवटीने 'लेइ' हटवून 'व्होई', म्हणजे अनेकवचनी 'तुम्ही', लादलं होतं. राजवट गेली आणि 'लेइ' परत आलं. दक्षिणेत 'व्होई' आजही कानावर येतं, पण ते तिथलं आधीपासूनचंच.

आणखी एक प्रतिसाद:
परीक्षेला निघालेल्याला म्हणतात ते 'इन बोक्का आल लूपो' राहिलं. शब्दशः 'लांडग्याच्या तोंडात'. याला 'ग्रात्सिए' म्हणू नका, बऱ्याच जणांना तो अपशकुन वाटतो. उत्तर द्यायचं 'क्रेपी', म्हणजे 'मरो तो'. लांडग्याची कणव येऊन 'व्हीवा इल लूपो' म्हणणारेही हल्ली आहेत, पण रूढ उत्तर 'क्रेपी'च.

आणि जेवणातला 'फारे ला स्कार्पेत्ता'. स्कार्पेत्ता म्हणजे छोटा बूट; पावाच्या तुकड्याने ताटलीतला उरलेला सॉस पुसून खाणं. घरी बिनधास्त करतात, औपचारिक जेवणात टाळतात. मराठीत मी 'ताट निपटणं' म्हणेन, पण त्यात पाव किंवा भाकरी येत नाही. भाकरीने रस्सा निपटून घेण्याला तुमच्याकडे वेगळा शब्द असेल तर इथे जरूर लिहा.