स्पॅमचा आकडा 8 केला, तरी ऑर्डरचे मेल जंकमध्येच

टॉवेलवाला: सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. मेल सर्व्हर मीच बघतो. मशीनवर डेबियन (लिनक्स), मेल पोचवायला पोस्टफिक्स, मेल तपासणीला देऊन शिक्का मारायला अमाविस, आणि स्पॅमचे गुण द्यायला स्पॅमअ‍ॅसॅसिन. मेल अडवत नाही, फक्त शिक्का मारून जंकमध्ये टाकतो. बाहेरदेशच्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी तिथंच जाऊन पडतात, आणि लॉटरीचे मेल मात्र थाटात इनबॉक्सात. स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या लोकल डॉट सीएफ फाइलमध्ये स्पॅम ठरायची मर्यादा 5 ची 8 केली, रिस्टार्ट मारला, ढिम्म फरक नाही. मामा रोज सकाळी विचारतात, "आज काय गिळलं रे तुझ्या मशीननं?" काय करू?

रात्रपाळी: त्या गिऱ्हाइकाला व्हाइटलिस्ट करून, म्हणजे तपासणीतून सूट देऊन मोकळा हो की.

जुनाखोडा: व्हाइटलिस्ट-फ्रॉम, म्हणजे नुसत्या पत्त्यावर सूट, अजिबात नको. पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही खोटा घालतो. उद्या त्याच नावानं "बँक खातं बदललंय" असा मेल आला तर मामा पैसे पाठवून बसतील. करायचंच तर व्हाइटलिस्ट-ऑथ, म्हणजे मेल खरंच त्याच डोमेनकडून आलाय का हे बघणारं एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळलं तरच सूट मिळते. पण आधी अडकलेल्या मेलच्या हेडरमधली एक्स-स्पॅम-स्टेटस (गुणांची) ओळ टाक इथं.

टॉवेलवाला: स्कोर 7.1, रिक्वायर्ड 6.31. चाचण्यांत बेयस_99 आणि यूआरआयबीएल_ब्लॉक्ड, बाकी किरकोळ.

जुनाखोडा: अरे, उत्तर त्या ओळीतच आहे. तू 8 लिहिलंस आणि तो 6.31 म्हणतोय. अमाविस मधे असला की स्पॅमअ‍ॅसॅसिनचा आकडा कुणी विचारत नाही, अमाविसचा टॅग2 लेव्हल (स्पॅमचा शिक्का मारायची मर्यादा) चालतो. 6.31 हा डेबियननं घालून दिलेला. बदल अमाविसच्या 50-यूजर फाइलमध्ये करायचा.

पण लगेच 8 करू नकोस, दुखणं वेगळंच आहे. 7.1 पैकी 3.5 एकट्या बेयस_99 चे आहेत, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून "हा स्पॅमच" म्हणणाऱ्या चाचणीचे. म्हणजे ऑर्डर हा स्पॅम असतो असं तूच त्याला शिकवलंयस. जंक फोल्डर न बघता एसए-लर्नला (शिकवायच्या कमांडला) स्पॅम म्हणून दिलं होतंस ना?

टॉवेलवाला: दिलं होतं 😐 अख्खं.

जुनाखोडा: मग त्यातल्या ऑर्डरी वेगळ्या काढ आणि हॅम (चांगला मेल) म्हणून परत शिकव, त्या मेलचं आधीचं शिकलेलं तो आपोआप विसरतो. फक्त कमांड अमाविस यूजरनं चालव. रूटनं चालवलीस तर ते रूटच्या वहीत लिहिलं जाईल आणि अमाविसला पत्ताही लागणार नाही. बेयसची वही कधी पुसलीसच, तर 200 स्पॅम आणि 200 हॅम झाल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, हे ध्यानात ठेव.

कीबोर्डकडक: आणि यूआरआयबीएल_ब्लॉक्ड म्हणजे सर्व्हरचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) 8.8.8.8 सारखा सार्वजनिक असणार. मेलमधल्या लिंक बदनाम साइटच्या यादीत आहेत का, हे डीएनएसमधूनच विचारलं जातं. तिथून साऱ्या जगाची विचारणा जाते, म्हणून यादीवाले उत्तरच देत नाहीत. लॉटरीवाले त्यातूनच निसटतात. मशीनवरच अनबाउंड (स्वतःचा डीएनएस) टाक, फॉरवर्डर न लावता, म्हणजे विचारणा दुसऱ्या डीएनएसकडे न ढकलता.

टॉवेलवाला: डीएनएस 8.8.8.8 च निघाला. अनबाउंड टाकला. अमाविसची टॅग लेव्हल (हेडरमध्ये स्कोर लिहायची मर्यादा) -999 केली, आता प्रत्येक मेलवर स्कोर दिसतो. साठेक ऑर्डरी हॅममध्ये शिकवल्या, 6.31 ला हात लावला नाही. सकाळची ऑर्डर 1.9 वर आली, थेट इनबॉक्सात. लॉटरीवाला 11 वर गेला.

रात्रपाळी: मग शेंगाचटणी कधी?

टॉवेलवाला: मामांना विचारून सांगतो.