इंजिन बंद असताना गिअर अलगद पडतात, चालू केलं की रिव्हर्सला करकर. गिअरबॉक्स उतरवायचा का?

पितळी_कडी:
मंडळी, गाडी १९६५ ची, ४ स्पीड, क्लच हायड्रॉलिक (फ्लुइडच्या दाबावर चालणारा). गेले दोन महिने असं होतंय की गाडी थंड असते तोवर गिअर बरे पडतात, पण अर्धा तास चालवली की रिव्हर्स टाकताना करर्र आवाज येतो आणि सिग्नलला उभं असताना पहिला पडतच नाही, दांडा थटून राहतो. इंजिन बंद केलं की सगळे अलगद पडतात. शिवाय चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसरा टाकताना खरखर होते, पण ती जुनीच आहे. मेकॅनिक म्हणतो सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले, गिअरबॉक्स उतरवू. वडिलांची गाडी आहे हो, उगाच खोललेली बघवणार नाही. आधी काय तपासू?

डबल_क्लच:
अजिबात उतरवू देऊ नका अजून! बंद असताना सगळे पडतायत म्हणजे दांडा आणि सिलेक्टरचं काम बहुतेक ठीक आहे. चालू असतानाच अडतात म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये, पेडल दाबलेलं असूनही इंजिन गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या इनपुट शाफ्टला थोडं थोडं फिरवत राहतं. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गाड्यांत सिंक्रो नसतो, म्हणून तो सगळ्यात आधी ओरडतो.
असं करा, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबा, मनात पाचपर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. करकर आलीच तर पेडल पटापट दोन-तीनदा पंप करून लगेच परत टाकून बघा. आता पडला तर लाइनमध्ये हवा आहे नाहीतर सील गेलंय. पंप करूनही तसंच असेल तर पेडलची पिन झिजलीय का बघा, पायलट बुश (इनपुट शाफ्टचं टोक ज्यात फिरतं तो) धरलाय का हाही संशय घ्या.
नंतर इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि स्लेव्ह सिलिंडरच्या (गिअरबॉक्सजवळचा, फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा) पुशरॉडशेजारी पट्टी धरा. किती मिलिमीटर सरकतो आणि तिथेच थांबतो का, हे नीट बघा.

काळं_ग्रीस:
वरच्यांशी सहमत, फक्त दुसऱ्या गिअरची खरखर वेगळी धरा. बाकीचे गिअर नीट पडतात आणि एकच खरखरतो, तेव्हा त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असते. ऑइल कुठलं घातलंय? जुन्या बॉक्समध्ये पितळी रिंगा असतात, जीएल-५ (गिअर ऑइलची एक प्रत) त्यांना बऱ्याचदा मानवत नाही, एकतर त्यातली काही रसायनं पितळ खातात आणि दुसरं म्हणजे ते इतकं निसरडं की रिंगेला पकडच मिळत नाही. पण म्हणून डोळे मिटून जीएल-४ पण ओतू नका, जुन्या मिनीत तर गिअरबॉक्स इंजिनच्याच ऑइलवर चालतो. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला.

पितळी_कडी:
केलं सगळं. पंप केल्यावर रिव्हर्स अलगद पडला! आणि पट्टी धरली तर पुशरॉड आधी १२ मिमी बाहेर आला आणि भाऊ पेडल दाबून बसलेला असतानाच हळूहळू मागे सरकायला लागला, अर्ध्या मिनिटात ७ वर. मी डोळ्यांनी बघितलं. पण डबीतली फ्लुइडची लेव्हल महिनाभर तिळभर कमी नाही, बाहेर कुठे ओल पण नाही, मग गळतं कुठे?

डबल_क्लच:
आतल्या आत. मास्टर सिलिंडरचं (पेडलकडचा, फ्लुइड ढकलणारा) रबर झिजलं की प्रेशर त्याच्या कडेने निसटून फ्लुइड परत डबीत येतं, म्हणून लेव्हल हलत नाही आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देतो. गरम झाल्यावर फ्लुइड पातळ होतं, मग अजून निसटतं, तुमचा अर्ध्या तासाचा हिशोब तिथे लागतो. नुसती रबरं बदलायच्या आधी आतली भिंत पुसून नख फिरवा, नख अडलं तर गंजाचे खड्डे आहेत, नवं रबर तिथे टिकणार नाही, सिलिंडरच बदला. रबरं बदलताना स्लेव्हचंही करून टाका, मग सगळी हवा काढा.
आणि दुसऱ्यासाठी तोपर्यंत असं चालवा, न्यूट्रलला क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका टोला द्या, परत क्लच दाबून दुसरा टाका. रिंगेवर भार येत नाही, बॉक्स न उघडता बरीच वर्षं जातील.